जुने खेळ आणि त्यांचा पडदा



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींना वाटले असेल की, मुलांच्या व्हिडिओ गेमवर व्याख्यान ते काय द्यायचे? त्यातही नव्या नव्हे, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळांवर. आणि खेळांवरसुद्धा नव्हे, तर ते ज्या पडद्यावर दिसतात त्या पडद्यावर! शंका रास्त आहे. माझे म्हणणे मी आधी एका वाक्यात मांडतो, मग त्याची फोड करतो. चित्र आणि ते ज्यावर उमटते ती वस्तू यांची ताटातूट केली की चित्र निम्मेच उरते.

हे आपल्या भागात निराळे समजावून सांगायला नको. वारली लग्नघरात सवासिनी जो चौक लिहितात, तो गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने. त्या पांढऱ्याला उठाव येतो तो खालच्या तांबड्या मातीमुळे. पुढे १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, आणि हे चांगलेच झाले. परंतु पाहा, कागदावर चित्र काढतानाही पुष्कळदा आधी गेरूचा किंवा शेणाचा हात द्यावा लागतो. भिंत सुटली, तरी भिंतीची आठवण सुटत नाही. जुन्या व्हिडिओ गेमची भिंत म्हणजे काचेची पिक्चर ट्यूब, आपण ज्याला आता थट्टेने 'डबा टीव्ही' म्हणतो तिचे हृदय.

ही नळी जुनी आहे. जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ती बनवली. आतली हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनांचा झोत सोडायचा, चुंबकाने तो हवा तसा वळवायचा, आणि समोरच्या काचेला आतून दिलेल्या रसायनाच्या लेपावर तो आदळला की तेवढा ठिपका उजळतो. शेतात नांगर जसा तासामागून तास घालत जातो, तसा हा झोत काचेवर रेघेखाली रेघ ओढत जातो. तोही इतक्या वेगाने, की डोळ्याला रेघ दिसत नाही, सबंध चित्र दिसते.

पडद्यावरच्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक जन्माला आला तोही याच नळीवर, आणि तो कुठे जन्मला हे ऐकून तारापूरच्या शेजाऱ्यांना गंमत वाटेल. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन येथील अणुसंशोधन प्रयोगशाळेत १९५८ साली विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने, पाहुण्यांना प्रयोगशाळा कंटाळवाणी वाटू नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या पाच इंची काचेवर टेनिसचा खेळ मांडला. पाहुण्यांनी त्यासाठी रांगा लावल्या. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकालाही आलेख दाखवण्यासाठी अशीच नळी जोडलेली होती.

घरोघरी ही नळी पोहोचली ती टेलिव्हिजनमुळे. दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रक्षेपण सुरू झाले, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी. रंग आले ते १९८२ साली. वरळीचा मनोरा आपल्यापासून लांब. अँटेना उंच बांबूवर चढवायची, एकाने छपरावरून ती फिरवायची, दुसऱ्याने खालून 'मुंग्या गेल्या, आता थांब' असे ओरडायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना चित्र किती कष्टाने मिळते ते ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात त्याच अँटेनाच्या भोकात मुलांनी 'टीव्ही गेम'ची वायर खोचली. निन्तेंडो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिकॉम' यंत्राच्या त्या स्वस्त नकला होत्या. कॅसेट घालायची, मारिओ किंवा कॉन्ट्रा लावायचा, आणि उन्हाळ्याची सुट्टी संपवायची. त्या यंत्रातला खेळ मुळात जपानी टेलिव्हिजनसाठी, सेकंदाला साठ वेळा चित्र काढणारा. आपला टेलिव्हिजन पन्नास वेळा काढणारा. साठाचा हिशोब पन्नासात बसवला की खेळ सहाव्या हिश्शाने संथ होतो. ज्या वेगाने तो रचला होता, तो वेग आपल्यापैकी अनेकांनी कधी पाहिलाच नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टेलिव्हिजनचे एक पूर्ण चित्र दोन हप्त्यांत निघते. आधी विषम रेघा, मग सम. जुन्या यंत्रांना एवढे काम झेपत नव्हते. ती एकच हप्ता पुन्हा पुन्हा काढत, सुमारे दोनशे चाळीस रेघांचा. मधल्या रेघा काळ्याच राहत. चित्रकाराने खेळातला माणूस रंगवला तो ही काळी फट गृहीत धरून. सपाट पडद्याला हे कळत नाही. तो दोनशे चाळीस रेघा ताणून हजारावर नेतो, आणि मारिओच्या मिशीच्या जागी विटा रचल्यासारख्या दिसतात. शिवाय हे ताणण्यात वेळ जातो. बोटाने कळ दाबली आणि उडी थोड्या उशिराने दिसली, की खेळणाऱ्याचा ताल चुकतो. नळीत असा हिशोबच नाही. संदेश येतो तसा झोत काच उजळतो.

याचा पुरावा हवा असेल तर बदके मारायच्या बंदुकीचा घ्या. ती बंदूक काही सोडत नाही, ती पाहते. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड टिपतो. सपाट पडद्यावर तो उजेड उशिरा येतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला असतो. नेम कितीही धरा, बदक मरत नाही. पडदा बदलला आणि खेळच बंद पडला.

म्हणूनच जगभरचे जाणकार शौकीन आज एका विशिष्ट वस्तूच्या शोधात असतात. ती म्हणजे टेलिव्हिजन केंद्रातला मॉनिटर. घरचा संच आणि हा मॉनिटर यांत भाजीवाल्याचा तराजू आणि सोनाराचा काटा यांच्याइतका फरक आहे. निवेदिकेच्या चेहऱ्यावर पिवळी झाक आली, तर दोष कॅमेऱ्याचा की संचाचा, हे केंद्रात ठरवावे लागते. तिथे खोटे न बोलणारा पडदाच हवा. सोनी, जेव्हीसी, इकेगामी अशा कंपन्यांनी असे मॉनिटर बनवले. त्यांना स्वतःचे एकही चॅनेल लागत नाही. मागे पिळून घट्ट बसवायची धातूची सॉकेटे, लाल-हिरवा-निळा यांच्या वेगळ्या वाटा, पन्नासचा आणि साठचा दोन्ही हिशोब समजण्याची सोय. घरच्या संचापेक्षा त्यांची रेघ कितीतरी बारीक आणि स्वच्छ. दवाखान्यांत दुर्बिणीच्या तपासणीसाठीही असे मॉनिटर लागत. केंद्रे आणि दवाखाने सपाट पडद्यांकडे वळले, तेव्हा हे सोनाराचे काटे भंगारात निघाले, आणि शौकिनांनी ते उचलले.

आता कोणी विचारील, इतका काटेकोर पडदा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला ना? नाही. इथे एक मौज आहे. सेगा कंपनीच्या १९९१ सालच्या 'सॉनिक' या खेळात धबधबा आहे. तो एकाआड एक उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. घरच्या साध्या वायरीतून येताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक दिसते. केंद्रातल्या मॉनिटरला लाल-हिरवा-निळा वेगळे करून जोडा, की पाणी जाऊन गज दिसतात! सत्यवादी मॉनिटर खरे सांगतो, पण चित्रकाराला जे दाखवायचे होते ते दाखवत नाही. तात्पर्य, सोनाराचा काटा श्रेष्ठ खरा, पण चित्रकाराने आपला हिशोब पुष्कळदा भाजीच्या तराजूवर मांडला होता. तेव्हा जपायचे तर दोन्ही जपावे लागतील. महागडा मॉनिटर मिरवणे आणि डब्याला हसणे, हे जाणकाराचे लक्षण नव्हे.

आणि जपायचे म्हणजे आताच. नवी नळी आता येणार नाही. सोनीने आपली 'ट्रिनिट्रॉन' नळी १९६८ मध्ये काढली आणि २००८ मध्ये बंद केली. आपल्या मराठवाड्यातल्या विडिओकॉनने २००५ साली फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, आणि थोड्याच वर्षांत बाजार सपाट पडद्याने व्यापला. उरल्या नळ्या वापराने मंद होत चालल्या आहेत. त्याहून दुर्मीळ होत चालला आहे तो त्या दुरुस्त करणारा हात. पालघर-बोईसरच्या बाजारात सोल्डरचा वास येणारी टीव्ही दुरुस्तीची दुकाने होती. चित्र वाकडे आले तर आवाजावरून दोष ओळखणारे कारागीर तिथे बसत. त्यांची विद्या कुठल्या पुस्तकात नाही. ती त्यांच्याबरोबर जाईल.

म्हणून माझी विनंती साधी आहे. माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला देण्यापूर्वी तो चालतो का, एवढे जाणकाराकडून पाहून घ्या. स्वतः मागचे झाकण उघडू नका. संच बंद केल्यावरही नळीत हजारो व्होल्टचा भार शिल्लक राहू शकतो. द्यायचाच झाला तर ई-कचरा रीतसर घेणाऱ्याकडे द्या. तांब्यासाठी नळी फोडून काच ओढ्याकाठी टाकू नका. त्या काचेत शिसे असते, आणि सूर्या नदीचे पाणी आपणही पितो, वसई-विरारही पिते. आणि तरुणांनो, एखाद्या जुन्या कारागिराजवळ चार रविवार बसा. तो हाताने काय करतो ते पाहा, विचारा, वहीत उतरवून ठेवा.

खेळ क्षुल्लक असेल. परंतु ज्या पिढीचे बालपण त्या काचेपुढे गेले, तिच्या नातवंडांना ते जसे होते तसे दाखवता यावे, एवढी इच्छा क्षुल्लक नाही.