पू प्रयोगशाळेत पोचू द्या



फुप्फुसाभोवती पू करणाऱ्या अनोळखी जिवाणूंवर बोलायला भोसरी ही जागा योग्यच आहे. शेजारच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने १९५५ साली पेनिसिलिन बनवायला घेतलं. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने १९९२ साली स्थापन झालेली संस्था इथल्याच एमआयडीसीत आहे.

आपल्याकडे कामगाराच्या छातीत पाणी झालं की पहिला शब्द येतो टीबी. बऱ्याचदा तो खराही ठरतो. पण फाउंड्रीतला एक रुग्ण माझ्या मनातून जात नाही. तंबाखूने दाढा पार किडलेल्या. छातीतलं पाणी न तपासताच कुणीतरी सुरू केलेल्या टीबीच्या गोळ्या त्याने चार महिने नेमाने घेतल्या. शेवटी बरगड्यांवरची गाठ फुटली आणि पुवात गंधकासारखे पिवळे कण दिसले. अ‍ॅक्टिनोमायसिस! तोंडात राहणारा जिवाणू छातीत उतरला होता. त्यावर औषध जुनंच, पेनिसिलिन. मात्र कित्येक महिने घ्यावं लागलं. माणूस बरा झाला. बुडालेला पगार त्याला कुणी दिला नाही.

नोकार्डिया हा जिवाणू तर अधिक फसवा. टीबीच्या रंगपरीक्षेत तोही फिकटसा लाल दिसू शकतो. एचआयव्हीने किंवा स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती खचलेल्यांना तो गाठतो. आणि मेलिओइडोसिस! त्याचा जिवाणू मातीत, चिखलपाण्यात राहतो, मधुमेह्यांना धरतो, पेनिसिलिन-जेंटामायसिनला दाद देत नाही. भारतातल्या त्याच्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक १९९१ सालची, मुंबईतल्या एका मुलाची. आपल्या कारखान्यांतली कितीतरी माणसं आषाढात आवणीला गावी जातात. मधुमेह असलेला असा माणूस ताप आणि छातीतला पू घेऊन आला, तर ‘चिखलात उतरला होतात का?’ एवढं विचाराच. उत्तर ‘हो’ आलं, तर प्रयोगशाळेला आधी कळवा. तिथल्या माणसांनाही त्या जिवाणूपासून जपायला हवं.

या परिषदेत यजमान म्हणून माझं तुम्हा डॉक्टर मित्रमैत्रिणींकडे एक मागणं आहे. पू काढाल तेव्हा, जमेल तिथे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी, तो कल्चरला पाठवा. एक नमुना हवा न लागू देता वेगळा भरा. आणि चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘प्लेट दोन-तीन आठवडे टाकू नका.’