आधी किरणे, मग शस्त्रक्रिया

झाशीहून, खंडेराव गेटाजवळच्या आमच्या घरातून बोलतो आहे. सैन्यातून निवृत्त झाल्यावर गुदाशयाच्या कर्करोगाचा पूर्ण उपचार मी घेतला. तेव्हापासून फोनवर एकच प्रश्न सारखा येतो. गाठ सापडली आहे, मग डॉक्टर ती लगेच का काढत नाहीत? तीन महिने कशाला घालवतात?

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना मोठ्या आतड्याचा कर्करोग होता. त्यांचे ऑपरेशन झटपट झाले, म्हणून माझ्या घरचेही कासावीस. पण मोठे आतडे पोटात ऐसपैस असते. गुदाशय म्हणजे त्याचे शेवटचे पंधराएक सेंटिमीटर, कमरेच्या हाडांच्या कड्यात दाटीने बसलेले. पुढे मूत्राशय, बाजूला लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा, खाली शौच रोखून धरणारा स्नायू. सर्जनला हात फिरवायला जागा नाही. थोडासा रोग मागे राहिला, तर गाठ तिथेच परत उगवते आणि फार छळते.

झाशीकरांना एक उदाहरण देतो. शत्रूचे आहे, पण चपखल आहे. १८५८ साली ह्यू रोजने शिड्या लावल्या ३ एप्रिलला. त्याआधी कित्येक दिवस तोफांनी तट खिळखिळा केला होता. किरणे म्हणजे त्या तोफा. बरोबरची केमो, बहुधा कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, गाठीला किरणांपुढे दुबळी करते.

हेच ऑपरेशननंतर का नाही? जर्मनीत आठशेहून अधिक रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. निष्कर्ष २००४ साली आले. आधी उपचार दिलेल्यांत पाच वर्षांत १०० पैकी ६ जणांची गाठ त्याच जागी परतली, नंतर दिलेल्यांत १३ जणांची. त्रासही आधी घेणाऱ्यांना कमी झाला. किती जण जगले, यात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेही सांगितलेच पाहिजे. कारण सरळ आहे. ऑपरेशननंतर रिकाम्या जागेत लहान आतडे उतरते आणि किरणे त्याला भाजतात.

माझे वेळापत्रक असे होते: आठवड्यातून पाच दिवस, एकूण २८ वेळा किरणे. प्रत्येक वेळी पाणी पिऊन, लघवी दाबून झोपायचे, म्हणजे भरलेले मूत्राशय लहान आतड्याला वर ढकलते. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. तिसऱ्या आठवड्यापासून शौचाला जळजळ, दिवसातून दहा-बारा फेऱ्या. सियाचीन परवडले, असे मी बायकोला म्हणायचो. त्यानंतर आठ आठवडे नुसते थांबणे. हे थांबणे वाया जात नाही, किरणांचे काम आत चालूच असते. हल्ली काही ठिकाणी पाचच दिवस जास्त मात्रेची किरणे आणि पुढे केमो असेही करतात. अगदी लहान गाठीला तर थेट ऑपरेशन पुरते. कोणाला काय, हे एमआरआय पाहून ठरते.

खरा घात पुढे होतो. रक्त थांबते, वजन भरते, माणूस म्हणतो, आता कशाला कापायचे? पोटावरच्या पिशवीची धास्ती असतेच. माझी पिशवी तात्पुरती होती, पुढे निघाली. काहींची कायम राहते. काही जणांची गाठ पूर्ण विरघळते हे खरे आहे. ब्राझीलच्या डॉक्टर अँजेलिता हाब्र-गामा यांनी अशांना ऑपरेशनशिवाय नजरेखाली ठेवण्याची वाट दाखवली. पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते, आपण घरी बसून नाही. आणि नजरेखाली म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण, एमआरआय, तेही काही वर्षे. बरे वाटले म्हणून तारीख चुकवणे म्हणजे तट पाडून फौज माघारी नेणे.

आमच्याकडून बरेच जण पंजाब मेलने मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वे शयनयान आणि थ्री एसीत भाड्याची पूर्ण सवलत देते, सोबत्यालाही मोठी सूट असते. दाखला रुग्णालयातून घ्यायचा. पहिल्याच फेरीत मागून घ्या.