डाव दाखवणारे आणि चूक पाहणारे



“साहित्याच्या व्यासपीठावर जाऊन मारामारीवर बोलणार?” असे मला घरातूनच विचारण्यात आले. मी म्हटले, हो. बडोद्यात हा विषय साहित्याचाही आहे. द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ इथेच निघाला. १९३६ ते १९४९ या काळात दहा खंड, आणि तेही मराठीत. पुढे १९६४ साली ‘मल्लपुराण’ हा कुस्तीवरचा संस्कृत ग्रंथ इथल्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. शरीराची विद्या कागदावर उतरवण्याचा एवढा खटाटोप करणारी शहरे फार नसतील.

म्हणून पालक आज मला जो प्रश्न विचारतात, तो मला नवा वाटत नाही. “ताई, मुलीला ज्युदोच्या वर्गाला घालू, की मोबाइलवर सगळे मिळतेच आहे?” पुस्तकाच्या जागी व्हिडिओ आला, एवढाच फरक.

लहानपणी मी आणि माझा भाऊ ज्ञानकोशाचा एक खंड गच्चीवर नेऊन त्यातले डाव करून पाहत असू. हात कुठे धरायचा हे चित्रात दिसे. वजन कोणत्या पायावर टाकायचे ते दिसत नसे. भाऊ मला अर्धवट उचली आणि मग वाचायला थांबे. तोवर मी हवेत! व्हिडिओने दोन चित्रांमधली ही जागा भरून काढली, हे मान्य केले पाहिजे. तो थांबवता येतो, हळू करता येतो, शंभरदा पाहता येतो. वजन मात्र त्यातही दिसत नाही.

व्हिडिओचा आणखी एक उपकार आहे. मांजरीने वाघाला सगळे शिकवले, फक्त झाडावर चढायचे शिकवले नाही, ही गोष्ट आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकली आहे. आखाड्यांतून असे राखून ठेवलेले डाव फार. ते कधीकधी वस्तादाबरोबरच जात. आता कुणीतरी कुठेतरी ते दाखवून ठेवतो. शिवाय आखाड्याचा उंबरा मुलींसाठी नव्हता तेव्हा आम्हाला पुस्तकाचाच आधार होता, हे मी कशी विसरू?

एकट्याने शिकणाऱ्यांचा विषय निघाला की एकलव्याचे नाव येतेच. मला त्याच्या गोष्टीत दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी की तो धनुर्विद्या शिकत होता. बाण लागला की नाही हे लक्ष्यच सांगते, चूक तिथल्या तिथे कळते. तो कुस्ती शिकत असता तर? झाडाशी कुस्ती होत नाही. दुसरी गोष्ट त्या मातीच्या पुतळ्याची. द्रोणाचार्यांची विद्या त्याने दुरून पाहिली असेल, पण सराव करताना त्याला कुणीतरी आपल्याकडे पाहणारे समोर हवे होते. (द्रोणाचार्यांनी पुढे काय मागितले, त्याकडे मी येणारच आहे.)

आता अलीकडची एक हकीकत सांगते. नात्यातली एक मुलगी, वय सतरा. कॉलेज, नंतर क्लास, घरी यायला रात्रीचे नऊ. तिने सहा महिने व्हिडिओ पाहून आरशासमोर स्वसंरक्षणाचे डाव बसवले होते. एके दिवशी मला दाखवायला आली. हालचाली सुरेख होत्या, मला कौतुक वाटले. मग मी तिचे मनगट धरले. फार जोरात नाही, भाजीची पिशवी धरतो तेवढेच. ती सुटेना. तीनदा प्रयत्न केला, चौथ्यांदा तिचा चेहरा उतरला. सहा महिने ती याच भरवशावर त्या रस्त्याने येत होती.

व्हिडिओत खोटे काही सांगितलेले नव्हते. पकडणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात ती जागा कच्ची असते, हात तिकडून सोडवायचा. हे बरोबरच आहे. पण ती नुसत्या दंडाच्या ताकदीने ओढत होती आणि पाय खिळल्यासारखे जागेवर. हात ओढायचा नसतो. एक पाऊल समोरच्याकडे टाकून आपले कोपर त्याच्या हाताकडे न्यायचे असते. भ्यालेल्या माणसाला पुढे पाऊल टाकायला सांगणे सोपे नाही, कारण शरीर मागेच पळते. आणि व्हिडिओतल्या माणसाने हात सोडला तो त्याला सोडायचा होता म्हणून. मी तिच्या कोपराला मागून दोन बोटे लावली, एवढेच. सातव्या-आठव्या वेळी ती सुटली. मग मी पकड घट्ट केली, आणि ती पुन्हा अडकली. शिक्षकाचे काम बहुतेक असेच असते, पकड रोज थोडी घट्ट करायची. किती करायची, हे तिचा श्वास आणि चेहरा पाहून ठरते.

म्हणून व्हिडिओबद्दल माझी तक्रार तो कमी दाखवतो अशी नाहीच. तो आपल्याकडे पाहत नाही, हीच तक्रार.

पण म्हणून कुठल्याही वर्गात नाव घाला, असे मी म्हणणार नाही. मी स्वतः दोन वर्षे एका वाईट शिक्षकाकडे शिकले. खांदा दुखतो म्हटले की उत्तर ठरलेले, “सहन करा.” पट्ट्याची परीक्षा मात्र दर तीन महिन्यांनी, फी वेगळी. तो खांदा आजही कपडे वाळत घालताना अडतो. द्रोणाचार्यांनी अंगठा मागून घेतला, इथे मागायचीही पद्धत नव्हती. अशा माणसापेक्षा व्हिडिओ बरा. तो निदान खांदा पिरगाळत नाही.

याउलट आपल्या गावचे राजरत्न माणिकराव आठवा. आपले गुरू जुम्मादादा यांच्या नावाने त्यांनी व्यायाम मंदिर चालवले. संघव्यायामासाठी देशी आज्ञा रूढ करण्याचे त्यांचे काम अनेकांना माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच: मोडलेले हाड बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता. ज्याला हाड बसवावे लागते, तो दुसऱ्याचे हाड सांभाळूनच शिकवणार.

मग चांगला शिक्षक ओळखायचा कसा? पैसे भरण्याआधी तासभर वर्गात जाऊन बसा. पालकांना बसू देत नसतील तर तिथूनच परत फिरा. मुलगी शिकणार असेल तर दुप्पट वेगाने. भिंतीवरची पदके पाहू नका. वर्गातले सगळ्यात कच्चे मूल शोधा आणि शिक्षक त्याच्याकडे किती वेळा वळतो ते पाहा. चपळ मुले कुणाकडेही शिकतात. नवख्यांना पहिल्या आठवड्यात काय देतात ते पाहा. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत कोदोकान सुरू केले, त्या परंपरेत आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात: हनुवटी छातीशी, डोके वर, हाताचा थापटा जमिनीवर. ज्या वर्गात पहिल्याच दिवशी फेकाफेकी चालते, तिथे मानेला धोका आहे. जोडीदाराने शरण म्हणून हाताने दोनदा थोपटले की पकड त्याच क्षणी सुटते का? सुटत नसेल आणि शिक्षक हसत असेल, तर बाकी काही पाहायची गरज नाही. आणि एक प्रश्न जरूर विचारा: तुम्ही कुणाकडे शिकलात? चांगला माणूस यावर अर्धा तास बोलतो.

गावात शिक्षकच नसेल तर? मी उलट विचारते, जोडीदार आहे का? जोर-बैठका, लाठी फिरवणे, पायांची चाल हे व्हिडिओवरून बरेचसे येते. मोबाइलचा खरा उपयोग स्वतःचे चित्रण करून जाणत्याला दाखवण्यात आहे. महिन्यातून एकदा कुणी पाहिले तरी पुष्कळ फरक पडतो. पण गळ्याची पकड आणि फेक, ही दोन कामे बघणारा समोर असल्याशिवाय करू नयेत. यात मी तडजोड करत नाही, घरातल्या मुलांशीही नाही.

ती मुलगी आता शनिवारी येते, बरोबर मामेबहिणीलाही आणते. डाव अजून एकही दिलेला नाही, आठ आठवडे दोघी नुसत्या पडतायत. पहिल्या महिन्यात कंटाळल्या, आता आपसांत थापट्याच्या आवाजावरून भांडतात. ज्युदोच्या गाद्या महाग, म्हणून सध्या आमच्या दिवाणखान्यात जुन्या गाद्यांवर गोधड्या अंथरून काम चालले आहे आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी सोसत आहेत. तुमच्यापैकी कुणाकडे तळमजल्यावरची एखादी रिकामी खोली असेल, तर व्याख्यानानंतर मला भेटा.