सागरतळाची कालगणना
(सुवर्णमहोत्सवानिमित्त पावर हाउस येथे दिलेले व्याख्यान)



जेथून समुद्र शेकडो मैल दूर, तेथे समुद्रतळाच्या चिखलावर बोलावयास उभे राहणे हे धाडसच म्हटले पाहिजे. परंतु भिलाईत घरोघरी लोखंडाची ओळख आहे, आणि माझ्या विषयाचा आरंभ लोखंडापासूनच होतो.

चुंबकाची क्रेन लोखंडी प्लेट सहज उचलते; पण तीच प्लेट लालबुंद असेल तर चुंबक हात टेकतो. ७७० अंश सेल्सिअसच्या वर लोखंड आपले चुंबकत्व विसरते. मॅग्नेटाइट या खनिजाची हीच मर्यादा सुमारे ५८० अंश. लाव्हा निवत त्या मर्यादेखाली आला, की त्यातील मॅग्नेटाइटचे कण त्या घडीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरतात आणि पुढे सहसा सोडीत नाहीत. १९५० नंतरच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे व राधाकृष्णमूर्ती आणि लंडनचे क्लेग प्रभृती संशोधकांनी दख्खनच्या पाषाणांचे चुंबकत्व तपासले. आपल्या सह्याद्रीच्या भिंतीचा बराच मोठा भाग आजच्या उलट दिशा दाखवितो. महाबळेश्वराच्या माथ्याकडे ती सरळ होते. याचा अर्थ, त्या काळी होकायंत्र असते तर त्याचे उत्तरेचे टोक दक्षिणेकडे वळले असते. फ्रान्समधील ब्रून यांनी १९०६ साली आणि जपानच्या मातुयामा यांनी १९२९ साली हेच सांगितले होते; पण पुष्कळ वर्षे त्यांचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

समुद्रात हीच नोंद उष्णतेवाचून होते. गाळाचे सूक्ष्म चुंबकीय कण तळाशी बसताना होकायंत्राच्या सुईसारखे वळतात आणि वरचा गाळ त्यांना तसेच दाबून धरतो. हा गाळ काही ठिकाणी हजार वर्षांत अवघे काही मिलिमीटर साठतो. त्यात भोक पाडून काढलेल्या दंडगोलात सरळ आणि उलट असे पट्टे एकाखाली एक सापडतात. शेवटची उलटापालट ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची.

अडचण एवढीच, की चुंबक फक्त दोनच शब्द बोलतो. पाळीवरून झोपलेला मनुष्य जागा झाला आणि बाहेर काळोख दिसला, तर रात्र आहे हे त्याला कळते. कोणत्या तारखेची, हे कळत नाही. ती तारीख सांगावयास दुसरा साक्षीदार लागतो. तो म्हणजे समुद्रात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांची कवचे. एकेक जात केव्हातरी अवतरली आणि केव्हातरी नाहीशी झाली. ग्लोबिजेरिनॉइडिस रुबर या जातीचा गुलाबी प्रकार अटलांटिकमध्ये आजही नांदतो; हिंदी महासागरातून मात्र तो सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी अंतर्धान पावला. आपल्याकडच्या गाळात तो दिसला, की थर त्याहून जुना हे उघड झाले.

पण साक्षीदारही फसवितात. २०१५ च्या मार्च अखेरीस ‘जॉईडेस रेझोल्यूशन’ हे जहाज कोलंबोहून निघाले आणि दोन महिने अरबी समुद्रात खोदकाम करून मुंबईस पोहोचले. मोहिमेचे नेतृत्व गोव्यात वास्को येथील आजच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांनी संयुक्तपणे केले. सुमारे साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, तळाच्याही खाली अकराशे मीटरांहून खोल अशी दोन विवरे त्यांनी घेतली. सिंधूने हिमालय झिजवून आणलेल्या गाळावरून मोसमी पावसाचा इतिहास वाचावयाचा होता. धानाच्या या मुलुखात मोसमी पावसाचे महत्त्व मी काय सांगावे! थरांचे वय चुकले, तर तो इतिहासच चुकणार.

आणि मध्येच शेकडो मीटर जाडीचा गोंधळ लागला. उथळ पाण्यातील चुनखडीचे तुकडे खोल समुद्रात, आणि निरनिराळ्या युगांची कवचे एकत्र कालवलेली. असे ढिगारे कोसळताना कणांची दिशाही विस्कटते. तेथे चुंबकाची जबानी घेण्यात अर्थ नसतो. ती होती ‘नटराज’ नावाने ओळखली जाणारी प्रचंड दरड. सौराष्ट्राजवळील सागरी उतारावरून निघून ती सुमारे ३३० किलोमीटर गेली. तिचे घनफळ सुमारे १९ हजार घनकिलोमीटर मानतात. तिचे वय तिच्या पोटातील कवचांवरून काढले असते तर पार फसगत होती. म्हणून तिच्यावर शांतपणे बसलेला पहिला गाळ तपासला. तिचे वय ठरले सुमारे १ कोटी ८ लाख वर्षे.

कोणी विचारील, मग आपल्या नंदिनीच्या खाणीतील चुनखडीही समुद्राचीच ना? होय, समुद्राचीच. पण तेथे हे दोन्ही साक्षीदार जवळजवळ निरुपयोगी. ती इतकी जुनी आहे, की तेव्हा कवचधारी तरंगते जीव जन्मालाच आले नव्हते. सूक्ष्म जीवांनी रचलेले वाकडे थर तेवढे दिसतात. छत्तीसगडच्या या खडकांतील वरच्या थरांचे वय काढले ते ज्वालामुखीच्या राखेत सापडलेल्या झिर्कॉनच्या कणांवरून, आणि ते भरले सुमारे शंभर कोटी वर्षे.