वाढत्या वयांतील वजनाचा हिशेब

नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं, मौदा हें तालुक्याचें गांव वसलेलें आहे. भोंवतालचा मुलूख धानाचा. पावसाळ्यांत बांध्यांतून रोवणी सुरू झाली म्हणजे चिखलांत दिवसभर वांकून काम करणाऱ्या बायांच्या रांगा दिसतात. ज्या घरांतील माणसें अशीं राबतात, त्या घरांत वजन उतरविण्याची भाषा पूर्वीं कोणाच्या कानांवर पडत नसे. मूल अंगानें भरलें तर आई त्याची दृष्ट काढी. आतां गांवाजवळ औष्णिक वीजकेंद्र उभें आहे, दारोदार दुचाकी आहे, शिकवणीचे वर्ग आहेत, आणि हातोहातीं मोबाईल आहे. आपलें रूप दिवसांतून दहा वेळां पाहावयाचें आणि दुसऱ्याच्या रूपाशीं ताडून पाहावयाचें, ही संवय १४-१५ वर्षांच्या मुलामुलींस लागली आहे ती या मोबाईलमुळें.

अशा गांवांतील १५ वर्षांच्या एका मुलीची कल्पना करावी. तिला नांव देण्याचें कारण नाहीं. तिच्यासारख्या मुली पुष्कळ घरांत आहेत. दिवाळींत सारीं भावंडें जमलीं, छायाचित्र निघालें, आणि तें पाहून एक आतेभाऊ सहज म्हणाला, 'अर्धा फोटो तर हिनेंच अडविला.' सारे हंसले. तीही हंसली. वैशाखांत मामेबहिणीचें लग्न होतें. महाशिवरात्रीच्या दिवशीं तिनें औषधांच्या दुकानांतील यंत्रावर वजन केलें. कांटा ५७ किलोंवर थांबला. तिची उंची १५६ सेंटिमीटर. वहीच्या शेवटच्या पानावर तिनें लिहिलें: 'एका महिन्यांत १० किलो.'

या संकल्पाकडे गणिताच्या दृष्टीनें पाहिलें असतां काय दिसतें? शरीरांतील एक किलो चरबी खर्ची पडावयाची म्हणजे ढोबळ मानानें ७,७०० कॅलरींची तूट यावी लागते. दहा किलोंस ७७,००० झाल्या. तीस दिवसांवर वांटल्यास दररोज सुमारें २,५७० कॅलरींची तूट हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या कोष्टकाप्रमाणें १३ ते १५ वर्षांच्या मुलीची दिवसाची एकूण गरजच २,४०० कॅलरींच्या आसपास आहे. म्हणजे महिनाभर अन्नाचा कण पोटांत गेला नाहीं, तरीही हें उत्तर येत नाहीं. चौथींतील मुलानें पाटीवर असें उदाहरण मांडलें तर गुरुजी म्हणतील, 'बाळ, प्रश्नच चुकला आहे.' परंतु वहीच्या शेवटच्या पानावरील गणित तपासावयास गुरुजी नसतात. उलट 'सात दिवसांत पांच किलो' असें सांगणारे जाहिरातदार पुष्कळ असतात. आणि त्यांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें ठरत नाहीं हीच पंचाईत आहे. जेवण एकाएकीं तोडलें म्हणजे पहिल्या आठवड्यांत कांटा खरोखरच झपाट्यानें उतरतो. पण तें उतरलेलें वजन बहुतांशीं पाण्याचें असतें. यकृतांत व स्नायूंत सांठविलेली साखर संपते आणि तिच्यासवें धरून ठेवलेलें पाणीही निघून जातें. त्यापुढें चरबीबरोबर स्नायूही झिजूं लागतात. पुनः जेवण सुरू झालें कीं पाणी परत येतें.

मुलीनें भात सोडला. शाळेंतला डबा ती मैत्रिणीस देऊं लागली. घरीं आल्यावर आजीनें 'जेवली काय वं, माय?' म्हणून विचारावें आणि तिनें 'हो' म्हणावें, असें चाललें. दोन आठवड्यांत वजन ५३ वर आलें, आणि तो दिवस तिला सणासारखा वाटला. पण केस फणींत येऊं लागले, वाचलेलें ध्यानांत राहीना, धाकट्या भावावर ती विनाकारण खेंकसूं लागली. एके सकाळीं प्रार्थनेच्या वेळीं डोळ्यांपुढें अंधारी येऊन ती खालीं बसली. त्याच रात्रीं सारीं निजल्यावर तिनें चिवड्याचा डबा काढला आणि उभ्याउभ्या अर्धा संपविला. दुसऱ्या दिवशीं उपास, तिसऱ्या रात्रीं पुनः डबा. होळी उलटतांना वजन ५८ झालें होतें. तिला वाटलें, आपल्या अंगीं निग्रह नाहीं. जें सर्वांत अधिक दुःखदायक, तें हेंच होय.

निग्रहाचा प्रश्न येथें फारसा येत नाहीं, हें दाखविणारा एक प्रयोग अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४-४५ सालीं झालेला आहे. अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ धडधाकट तरुण पुरुष निवडले. तत्त्वासाठीं युद्धास नकार दिलेलीं तीं माणसें. त्यांच्या निग्रहाविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. सहा महिने त्यांना अर्धपोटीं ठेवलें. त्यांचें वजन सुमारें पावपट घटलें. पण त्याबरोबर तीं माणसें चिडखोर व उदास झालीं, रात्रंदिवस अन्नाचाच विचार करूं लागलीं, कित्येक तर पाककृतींचीं पुस्तकें जमवून वाचीत बसत. पुढें अन्न मोकळें झाल्यावर पोट भरलें तरी त्यांतील अनेकांस खाणें थांबवितां येईना. उपासमारींतलें शरीर आपल्या धन्याचें ऐकत नाहीं, तें आपला जीव वांचविण्याच्या उद्योगास लागतें. विशेष असें कीं, त्याच मिनेसोटांत अर्धशतकानंतर डायॅन न्यूमार्क-स्टेनर यांनीं शाळकरी मुलामुलींचा पांच वर्षें मागोवा घेतला. 'डाएट' करणाऱ्या मुलांचीं वजनें, तें न करणाऱ्यांपेक्षां पांच वर्षांनंतर अधिक वाढलेलीं आढळलीं. हा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला.

तर मग वाढत्या वयांत वजनाचें उद्दिष्ट ठेवूंच नये काय? ठेवावें, पण तें ठरविण्यापूर्वीं एक गोष्ट ओळखली पाहिजे. मोठ्या माणसाचें शरीर हें बांधून झालेलें घर आहे, मुलाचें शरीर हें बांधकाम चालू असलेलें घर आहे. माणसाच्या पूर्ण वजनापैकीं जवळजवळ निम्मे वजन किशोरवयांत चढतें. हाडांचा मोठा भाग याच वर्षांत भरतो. मुलींच्या अंगावर या वयांत कांहीं चरबी चढणें हा निसर्गाचा क्रम आहे, रोग नव्हे. दरवर्षीं वजन वाढणें हाच येथें नियम. तें उंचीच्या मानानें किती वाढलें एवढाच प्रश्न.

त्यासाठीं परदेशीं तक्ते पाहण्याचीही आतां गरज नाहीं. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलेले ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांच्या वाढीचे तक्ते, इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१५ सालीं प्रसिद्ध केले. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागलें म्हणजे जो आंकडा येतो तो वयाच्या रेषेवर मांडून पाहावयाचा. त्यांत दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. पहिली रेषा प्रौढपणींच्या २३ या आंकड्याशीं जुळणारी. तिच्यावर मूल गेलें तर वजन जास्त म्हणावें. दुसरी प्रौढपणींच्या २७ शीं जुळणारी. तिच्यावर गेलें तर स्थूल म्हणावें आणि वैद्याकडे न्यावें. त्या मुलीचा आंकडा २३.४ निघतो. दोन रेषांच्या मधला. म्हणजे लक्ष द्यावें असा. घाबरावें असा नव्हे.

तिचा धाकटा भाऊ १३ वर्षांचा. उंची १५० सेंटिमीटर, वजन ५४ किलो, आंकडा २४. बहिणीहून तोच अधिक जड. पण मुलगा म्हणून त्याला कोणी कांहीं बोललें नव्हतें, हेंही आपल्या घरांत घडतेंच. त्याचें उद्दिष्ट काय असावें? एकही किलो उतरविण्याचें नव्हे. दोन वर्षांत त्याची उंची १६२ झाली आणि वजन ५५ च्या पुढें गेलें नाहीं, तर तोच आंकडा २१ वर येतो. कांहीं न गमावतां, केवळ उंचीस पुढें जाऊं दिल्यानें तो सडसडीत होतो. वजन जागच्या जागीं धरणें हेंच वाढत्या मुलाचें बहुतेक वेळां खरें उद्दिष्ट असतें. मुलींची उंची मात्र लवकर थांबते. १५ व्या वर्षीं फार तर एकदोन सेंटिमीटर शिल्लक असते. म्हणून तिला उंचीचा आधार थोडा. तिनें आधीं चढ थांबवावा, आणि नंतर सहा-आठ महिन्यांत दोन-तीन किलो सावकाश गेले तर जाऊं द्यावे, इतकेंच म्हणतां येतें. प्रौढांना देखील आठवड्यास अर्धा किलो हा वेग सुरक्षित म्हणून राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. मुलांनीं त्या वेगाशीं चढाओढ करण्याचें कारण नाहीं.

कांट्यावर सारा भरंवसा ठेवूं नये याचें एक मजेदार प्रमाणही पुण्याचेंच आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांचा वरील रीतीनें काढलेला आंकडा अगदीं सारखा, २२.३ होता. पण चरबीचें प्रमाण मोजलें तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत ती ९.१ टक्के निघाली, आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें २००४ सालीं त्या दोघांचें छायाचित्र छापलें. आपल्याकडील माणूस बारीक दिसूनही आंतून चरबीनें भरलेला असूं शकतो. उपास करून जो स्नायू गमावतो, तो कांट्यावर हलका होतो आणि या दोषाकडे आणखी एक पाऊल टाकतो. ज्या मैत्रिणीनें रोज तिचा डबा खाल्ला, ती काटकुळी. तिला कोणी हंसलें नाहीं. तीही पायरीभर चढली कीं धापा टाकी.

आणि येथें आणखी एक हिशेब विसरतां येत नाहीं. २०१६ ते २०१८ मध्यें झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणांत १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींपैकीं ५ टक्के अधिक वजनाचीं निघालीं, पण २४ टक्के वयाच्या मानानें कृश निघालीं. २०१९-२१ च्या कुटुंब-आरोग्य पाहणींत १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकीं ५९ टक्के मुलींत रक्त कमी होतें. ज्या देशांत ही स्थिति आहे, तेथें मुलीनें डबा परत देण्याची चूक महाग पडते.

शाळेंत तपासणीसाठीं सरकारी डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना प्रार्थनेच्या वेळची हकीकत कळली. त्यांनीं तिला वजन विचारलें नाहीं, वही मागितली. शेवटचें पान वाचून म्हणाल्या, 'बेटा, किलो हे काही तुझ्या हातांत नाहीत. तुझ्या हातांत काय आहे तें लिही.' बराच वेळ ती गप्प राहिली. मग त्या दोघींनीं मिळून लिहिलें तें असें: डबा स्वतः खावयाचा. सकाळीं उपाशीं निघावयाचें नाहीं. भात सोडावयाचा नाहीं; एक वाढा कमी आणि वरण, भाजी, दहीं तितक्यानें अधिक. शिकवणीहून येतांना रोज होणारा आलूबोंडा आठवड्यांतून एक दिवस. थंड पेयाची बाटली बंद, कारण ३०० मिलिलिटरच्या एका बाटलींत सुमारें ३० ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. शिकवणीस दुचाकीऐवजीं सायकल, आणि रविवारीं मैत्रिणींसह कबड्डी. दिवसाकांठीं तासभर हालचाल व्हावी हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रात्रीं दहाला मोबाईल आजीच्या उशाखालीं. वजन महिन्यांतून एकदांच.

आजीनें हें वाचून घेतलें तेव्हां तिला एकच कलम पटलें, भाताचें. 'धानाच्या गांवांत राहून भाताला भ्यायचं?' असें ती म्हणाली. तिचें म्हणणें निम्मेंच खरें आहे. ती स्वतः भात भरपूर खाई, पण तीन महिने बांधींत वांकूनही असे. नातीचा दिवस बांकावर जातो. परंतु घरांत आजीचें वजन मोठें असल्यामुळें पथ्य एकटीचें न राहतां सर्वांचें झालें, आणि हीच गोष्ट कामास आली. एकाच ताटावर एकीनें कोरडें आणि चौघांनीं तळलेलें खावें, अशा घरांत कोणतेंही उद्दिष्ट टिकत नाहीं. आतेभावास आईनें बोलावून दोन शब्द सांगितले. ते कोणते तें त्यानें कोणास सांगितलें नाहीं. मात्र पुढें तो तिच्या अंगाविषयीं बोलला नाहीं.

कांहीं मुलांच्या बाबतींत एवढ्यानें भागणार नाहीं, हेंही नमूद करणें अवश्य आहे. आंकडा दुसऱ्या रेषेच्या वर असेल, मानेवर मखमलीसारखा काळसर पट्टा दिसत असेल, मूल झोपेंत मोठ्यानें घोरत असेल, मुलीची पाळी महिनोगणती चुकत असेल, तर घरगुती उपायांत वेळ दवडूं नये. तसेंच जें मूल जेवण चुकवितें, खाऊन ओकारी काढतें किंवा कृश असूनही स्वतःस लठ्ठ म्हणवितें, त्यालाही वैद्याची तितकीच निकड आहे. १० ते १९ वर्षांच्या मुलांसाठीं राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ सालापासून चालू आहे. सरकारी रुग्णालयांत त्याची चौकशी करावी. बाजारांतील चूर्णें, चहा आणि गोळ्या या वयांत कोणीही घेऊं नयेत.

वैशाखांत लग्न झालें. त्या सकाळीं तिचें वजन ५६ होतें. लग्नासाठीं शिवलेला चुडीदार एका बोटानेंही आंत घ्यावा लागला नाहीं. वरातींत ती दोन तास नाचली आणि बसली नाहीं. पंक्तींत मामीनें आग्रह केला तेव्हां तिनें एक जिलबी घेतली, दुसरी पानांतच नको म्हणून सांगितली. घरीं परतल्यावर भावानें दाराच्या चौकटीपाशीं उभें राहून तिला पेन्सिल दिली. दिवाळींतल्या रेघेच्या वर तीन बोटांवर तिनें नवी रेघ ओढली, आणि खालीं तारीख घातली.