सेनानीची पारख
(चौल येथील व्याख्यान)



मार्च १५०८ मध्ये याच चौलच्या खाडीत, कुंडलिकेच्या मुखाशी, एक सेनापती मारला गेला. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याचा पुत्र लोरेन्सो कोचीनच्या व्यापारी जहाजांना संरक्षण देत येथवर आला होता. मिसरच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली त्याच्यावर चालून आले. दुरूनच तोफा डागून शत्रूची जहाजे बुडवावीत, असा सल्ला लोरेन्सोला त्याच्याच तोफखान्याच्या जाणकाराने दिला होता, असे पोर्तुगीज इतिहासकार नमूद करतात. तो त्याने मानला नाही. जहाजाला जहाज भिडवून हातघाईने लढणे त्याला अधिक प्रतिष्ठेचे वाटले. पुढे दीवचा सुभेदार मलिक अय्याज याची ताज्या दमाची गलबते हुसेनला येऊन मिळाली, माघार अटळ झाली, आणि माघार घेताना लोरेन्सोचे जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत अडकले. निसटून जाण्याची संधी असूनही त्याने जहाज सोडले नाही. तोफगोळ्याने पाय गेला, तेव्हा डोलकाठीपाशी बसून तो आज्ञा देत राहिला. दुसऱ्या गोळ्याने त्याचा प्राण घेतला.

त्याच्या शौर्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु शौर्य ही सेनानीची एक कसोटी झाली. ज्याचा सल्ला त्याने धुडकावला तो जाणकार बरोबर होता की काय, हा प्रश्न शौर्याच्या झगमगाटात सहसा विचारला जात नाही. त्या जहाजावरचे जेमतेम १९ जण जिवंत कैद झाले. मलिक अय्याज हा मूळचा गुलाम. त्याने या कैद्यांना माणुसकीने वागविले आणि व्हाइसरॉयला पत्र लिहून त्याच्या मृत पुत्राच्या धैर्याची प्रशंसा केली. उलट व्हाइसरॉयने डिसेंबर १५०८ मध्ये दाभोळ जाळले व तेथे कत्तल केली. दाभोळच्या बायकामुलांनी चौलच्या लढाईत कोणता अपराध केला होता? एकाच युद्धातील या तीन सेनानींकडे पाहिले की चारित्र्य आणि पराक्रम या दोन भिन्न वस्तू आहेत हे ध्यानात येते. ज्याची गणना पुढे कोठल्याही वीरगाथेत झाली नाही असा माजी गुलाम या तिघांत उजवा ठरतो.

ही कथा येथे उगाळण्याचे कारण असे की, लढाऊ दलांच्या, विशेषतः हवाई दलाच्या, वरिष्ठ अधिकाऱ्यांविषयी मत बनविण्याची जनतेची रीत अद्याप लोरेन्सोच्या काळातलीच आहे. पदके मोजावयाची, गणवेशातील छायाचित्र पाहावयाचे आणि एकतर देव्हाऱ्यात बसवावयाचे, नाहीतर अपयश आले की शिव्या द्यावयाच्या. लष्करी नेतृत्वाला बाजारभाव नसतो. शांततेच्या वर्षांत अधिकाऱ्याची किंमत ठरते ती त्याच्या वरिष्ठाने लिहिलेल्या वार्षिक गोपनीय अहवालावर. त्याच्या हाताखाली विमान उडविणाऱ्या तरुणाचे किंवा ते दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचे मत त्या कागदावर कोठेच नसते. साहजिकच वरच्याला खूष ठेवणारा वर चढण्याचा धोका या रचनेतच आहे. म्हणून खरी पारख युद्धाच्या काही मोजक्या दिवसांतच होते.

१ सप्टेंबर १९६५ चे उदाहरण घ्यावे. छांब भागात पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत होते. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्यासमोर लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जनसिंग उभे होते. चव्हाणांनी परवानगी दिली, अर्जनसिंगांनी विमाने धाडली, आणि सायंकाळी पाचच्या सुमारास ती रणभूमीवर पोचली. या तत्परतेचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते रास्तच आहे. परंतु त्या पहिल्या फळीत कालबाह्य झालेली व्हॅम्पायर विमाने होती. त्या एका संध्याकाळी चार व्हॅम्पायर पडली, आणि लगोलग ती आघाडीवरून मागे घ्यावी लागली. चव्हाण हे निर्णयाचे धनी होते यात शंका नाही. हाताशी होते ते लगेच धाडणे योग्य होते की नाही यावर मतभेद होऊ शकतात. मात्र चूक ध्यानात येताच ती विमाने मागे घेणाऱ्याचे श्रेयही जमेस धरले पाहिजे.

१९९९ मध्ये प्रसंग नेमका उलटा आला. हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस. (टिपणीस हे आडनाव रायगड जिल्ह्याला अपरिचित नाही. चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेबांच्या पाठीशी उभे राहिलेले महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस येथल्या लोकांच्या स्मरणात असतील. दोघांचा नातेसंबंध जोडण्याचा मात्र येथे हेतू नाही.) मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसल्याचे उघड होऊ लागले, तेव्हा भूदलाने सशस्त्र हेलिकॉप्टरांची मागणी केली. टिपणीसांनी दोन गोष्टी सांगितल्या: एक, हल्ल्यासाठी बनविलेली ही यंत्रे त्या उंचीवर काम देणार नाहीत, दुसरी, हवाई शक्ती वापरणे म्हणजे युद्धाचा आवाका वाढविणे, आणि तो निर्णय निर्वाचित सरकारनेच घेतला पाहिजे. भूदलात यावर नाराजी पसरली. हवाई दल कच खाते असे बोलले गेले. २५ मे रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने संमती दिली आणि २६ मे रोजी हल्ले सुरू झाले.

आता हे ध्यानात घ्यावे की टिपणीस पदावर आले ३१ डिसेंबर १९९८ रोजी, आणि त्याच्या आदल्याच दिवशी सरकारने नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांना पदच्युत केले होते. संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, म्हणजे समाजवादी चळवळीतच वाढलेले. त्या निर्णयाविषयी चळवळीतही एकमत नव्हते. अशा वातावरणात, सहकारी दलाचा रोष पत्करून, लोकनियुक्त सरकारच्या संमतीचा आग्रह धरणे ही कच नव्हती. सेनाधिकाऱ्याने सरकारला विचारल्यावाचून युद्ध वाढवू नये, ही लोकशाहीची पहिली अट आहे. ती ज्याला अडचण वाटते त्याने शेजारच्या देशाचा इतिहास वाचावा.

याचा अर्थ टिपणीसांच्या कारकिर्दीत सारे निर्दोष होते असा नव्हे. २७ मे रोजी दोन लढाऊ विमाने गेली, २८ मे रोजी एक एमआय-१७ हेलिकॉप्टर चौघांसह गेले. हवाई दल डोंगरातील या युद्धासाठी पुरेसे सज्ज नव्हते, हे त्या दोन दिवसांनी दाखवून दिले. पण लोरेन्सो आणि टिपणीस यांतला फरक येथेच दिसतो. हेलिकॉप्टरांना हल्ल्याच्या कामातून काढण्यात आले, विमाने क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर उंच उडू लागली, मिराज विमानांवर लेसरने दिशा मिळणारे बॉम्ब चढले, आणि १७ जून रोजी मुंथो ढालो येथील शत्रूचे रसदकेंद्र उद्ध्वस्त झाले. नियंत्रणरेषा ओलांडावयाची नाही हे बंधन अखेरपर्यंत पाळले गेले. निवृत्तीनंतर टिपणीसांनी आपली बाजू लेखरूपाने मांडली; तत्कालीन लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांनी आपली बाजू ग्रंथात मांडली. दोहोंत विसंगती आहे. ती असणे उत्तम, कारण नागरिकाला पारख करण्याचे साधन त्यातूनच मिळते.

साधन नसते तेव्हा काय होते, हे २७ फेब्रुवारी २०१९ ने दाखविले. श्रीनगरजवळ बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतील सहा जण व जमिनीवरील एक नागरिक ठार झाले. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. ४ ऑक्टोबर रोजी नवे हवाई दलप्रमुख राकेशकुमारसिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. पदावर येऊन आठवडाही झाला नसताना असे बोलावयास धैर्य लागते, आणि ते डोलकाठीपाशी बसून लढण्याच्या धैर्यापेक्षा दुर्मीळ आहे. तथापि मधले सात महिने, ज्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली, देशाला हे अधिकृतपणे सांगितले गेले नव्हते. चौकशी चालू होती हे खरे. त्या सातांच्या कुटुंबांना इतका काळ काय सांगावयाचे, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. मे २०२५ च्या संघर्षात विमाने गमावल्याची कबुली संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनी त्या महिन्याच्या अखेरीस दिली, तीही सिंगापूरमध्ये परदेशी वृत्तसंस्थांना मुलाखती देताना. संसद आणि देशातील वृत्तपत्रे येथेच होती.

दोष एकट्या अधिकाऱ्यांवर लोटून चालणार नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला आणि एकामागून एक आलेल्या सर्व पक्षांच्या सरकारांनी तो दडवून ठेवला. २०१४ मध्ये त्याचा काही भाग बाहेर आला, तो नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराकडून. चीनविरुद्ध हवाई दल आक्रमणासाठी का वापरले नाही, हा त्या युद्धातील सर्वांत मोठा प्रश्न. त्यावर साठ वर्षे पुस्तके लिहिली जात आहेत. कारगिल समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेसमोर आला, पण त्यातील काही भाग सुरक्षेच्या नावाखाली गाळून. गाळलेल्या पानांत कोणत्या अधिकाऱ्याने वेळीच इशारा दिला होता आणि कोणी तो बाजूला सारला, हे मतदाराला ठाऊक नाही. पोर्तुगीजांच्या बखरीत चौलच्या त्या तोफखान्याच्या जाणकाराचा सल्ला निदान नोंदलेला तरी आहे.