गाठीची सुईची तपासणी : घाबरू नका, लांबवू नका

सायखेड्याच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आजचा विषय असा आहे की बैठकीतही आपला आवाज हळू होतो. स्तनात गाठ लागली, सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी ‘बायोप्सी करा’ असं लिहून दिलं, तर पुढे काय?

आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. एक, ‘सुई लावली की गाठ पसरते.’ हे खरं नाही. या तपासणीने कर्करोग पसरत नाही. दुसरी, ‘तपासणी सांगितली म्हणजे कॅन्सरच.’ तसंही नाही. बऱ्याच गाठी साध्या निघतात. पण साधी की वाईट, हे हाताला लागून पक्कं कळत नाही. म्हणून गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात.

जाण्याआधीची तयारी सांगतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आपल्या मनाने बंद करू नका. कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल, दिवस गेले असतील, तर तेही सांगा. सहसा उपाशी राहावं लागत नाही, तरी विचारून घ्या. पुढून उघडणारं ब्लाउज घाला. त्या दिवशी छातीला, काखेत पावडर लावू नका. गळ्यातलं काढायला सांगतील; त्यात अशुभ काही नाही. जुने रिपोर्ट आणि सोबत एक माणूस न्या. खोलीत बाई असावी असं वाटलं तर नर्सताईंना सांगा, लाजू नका.

तिथे खाटेवर झोपवतात. आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात, ते जरा चुरचुरतं. मग सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ बघत बघत डॉक्टर सुई नेमकी तिथे नेतात. स्टेपलरसारखा ‘टक्’ आवाज येतो, तेव्हा दचकू नका. असे काही तुकडे घेतात. टाके सहसा पडत नाहीत. दाबून धरून पट्टी लावतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात.

थोडं दुखेल, काळंनिळं होईल. एक-दोन दिवस कांद्याची गोणी, द्राक्षाचे क्रेट, पाण्याचा हंडा उचलायचा नाही. रक्त थांबत नसेल, सूज वाढली, ताप आला, तर लगेच दवाखान्यात जा.

रिपोर्टला काही दिवस लागतात. तो आणून फडताळात ठेवू नका. साधा आला तरी डॉक्टरांना दाखवा.

टाटा हॉस्पिटलने 1998 पासून मुंबईत सुमारे दीड लाख बायकांचा 20 वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी त्यातल्या निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली. तपासलेल्यांमध्ये पन्नाशीच्या पुढच्या बायकांचे स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. लवकर कळण्याला एवढी किंमत आहे.

म्हणून ‘खुडा उरकू दे, छाटणी होऊ दे’ म्हणू नका. बाग दरवर्षी येते. तिशीनंतर आरोग्य केंद्रात स्तनांची तपासणी होते, आशाताईंना विचारा. नाशिकला जायला भाडं नसेल तर गटातून अंतर्गत कर्ज घ्या. बी-बियाण्याला देतो, तसं यालाही द्यायचं. आणि सोबत कोणी नसेल, तर गटातली एक बाई जाईल, हे येत्या बैठकीत ठरवून टाका.